दोन्ही एकादश्यांना वरणभात

बालाघाट,
२ डिसेंबर २०२५

चि. मधुवंतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून हे पत्र. साखरेसाठीचं दर आठवड्याचं इंजेक्शन मंजू नेमाने टोचते. शेजारी नर्स असल्याचा फायदा. तू दिलेली भुकेची वही नोव्हेंबरभर भरली, ती सोबत पाठवते. दोन्ही वेळा वरण, भात, भाजी, भूक चांगली. वही बघून डॉक्टर म्हणाले, भूक एवढी शाबूत आहे तर पुढच्या महिन्यात डोस वाढवू. यंदाचा चिन्नोर तांदूळ छान निघालाय, शिजताना घरभर वास सुटतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पोटाची काळजी घेतेस, तशी स्वतःच्याही घे. खुशाली कळवत जा.

तुझी,
आई

पुणे,
९ डिसेंबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि. वही मिळाली. एका शाईत, एका बैठकीत भरलेली दिसते. पण चोरी पकडली ती भलतीकडेच. दोन्ही एकादश्यांना तू वरणभात जेवलीस? बाबा गेले त्या आठवड्यातही एकादशी न मोडणारी माझी आई? आधी हसू आलं, मग भीती वाटली.

आई, जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, तुझं इंजेक्शन त्याचीच नक्कल. ते मेंदूला पोट भरल्याचं सांगतं आणि रक्तवाहिन्याही सैल करतं. तुझ्या हृदयाच्या अरुंद वाहिनीसाठी ते हवंच. रिकाम्या जठरातून सुटणारं भुकेचं संप्रेरकसुद्धा वाहिन्या सैल करतं, असं आमच्या प्रयोगांत दिसतं. पण तू खातच नसशील आणि वर डोस वाढला, तर रक्तदाब उतरेल, चक्कर येऊन पडशील. तिथे उचलायला कोण आहे? खरं लिही. मी रागावणार नाही.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
मधू

बालाघाट,
१६ डिसेंबर २०२५

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद. पकडलीस खरी. मंजूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मले माहीतच होतं, तुमी किती वाळून राह्यल्या. तिच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊन आले. डोस वाढवायचा नाही असं ठरलं.

दोष इंजेक्शनचा नाही गं. ते सुरू होण्याआधीच, फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हापासून भूक नाही. बेचाळीस वर्षं त्यांना वाढलं. ते हात धुवायला उठले की मला भूक लागायची, अगदी घड्याळ लावल्यासारखी. यावरून तू माझ्याशी किती भांडायचीस! आता पाटावरून कुणी उठतच नाही. चिन्नोर शिजवते, वास घेते आणि मंजूकडे देऊन टाकते.

फार एकटं वाटतं. खरं लिहिलं तर तू काम टाकून धावत येशील, असं वाटलं. आणि आली नाहीस तर, ही भीती त्याहून मोठी होती. म्हणून रोज भूक चांगली असं लिहिलं.

नवी वही पाठवू नकोस, तूच ये. माझ्यासाठी खोळंबू नकोस, आधी तू पोटभर जेव. तू पाटावरून उठलीस की बघू, मला भूक लागते का.

वाट पाहणारी,
आई