एकोणीस सेकंदांचा रस्ता

सोमवार, ३ फेब्रुवारी

सासूबाई आज पुन्हा डिव्हायडरवर अडकल्या. कामावरून येताना मला समोरूनच दिसल्या – कठड्याला पाठ टेकवून उभ्या, काठी छातीशी, पुढून बस, मागून टेम्पो. चेहरा असा की जणू तिथेच उभं राहायला घरून निघाल्या होत्या. पुढचा हिरवा लागल्यावर जाऊन हात धरला, तर झटकला. "मला येतं."

येतं कुठलं! खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो रस्ता त्यांना एका दमात होत नाही. आणि शिंप्याचं दुकान नेमकं पलीकडे. बत्तीस वर्षं तिथे काजं-बटणं करताहेत. दुकानाचं रूप बदललं, शिंप्याच्या जागी त्याचा मुलगा आला, या आहेत तिथेच.

जेवताना नवऱ्याने निकाल देऊन टाकला. "आई, पुरे आता. घरी बस."

"घरी बसायला मी काय फ्रीज आहे?"

मला हसू आलं. त्याला नाही. "पडलीस तर निस्तरणार कोण? महिनाअखेर शिंप्याच्या मुलाला मीच सांगून येतो." त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या. त्यांचं ते उठून जाणं मला अजिबात आवडलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी गॅलरीतून मोजलं. डिव्हायडरवरचं थांबणं सोडलं तरी सासूबाईंना पलीकडे जायला चौतीस सेकंद लागतात. सिग्नलमधला हिरवा माणूस देतो एकोणीस. म्हणजे मुळात जमणारच नव्हतं. उगाच त्यांच्या पायाला बोल लावत बसलो.

सिग्नल दुरुस्त करणं हे माझंच काम. नऊ वर्षं या शहराचे दिवे मी लावते आणि घरच्या बाईला रस्ता ओलांडता येत नाही! तडक साहेबांकडे गेले. आमचे इंजिनियर. माणूस वाईट नाही, पण कागदाशिवाय त्यांना शिंकसुद्धा येत नाही. "सर्वेक्षण झालंय, बाई. अठ्ठावन्न माणसं चालवून सेकंद काढलेत. फाइल बघा."

बघितली. बघता बघता कानशिलं तापली.

ते सर्वेक्षण आम्हीच केलेलं, तीन वर्षांपूर्वी. चालायला बाहेरची माणसं कुठून आणायची, म्हणून ऑफिसातलेच कारकून आणि लाइनमन चालवले. तेवढ्याच रुंदीचा रस्ता हवा, म्हणून ऑफिससमोरचा घेतला. वेळ दुपारी एकची. आणि आमचं कॅन्टीन त्या रस्त्याच्या पलीकडे! अठ्ठावन्न भुकेली माणसं जेवणाच्या दिशेने सोडली आणि म्हणे हा शहराच्या चालण्याचा वेग.

स्टॉपवॉच धरून कोण उभं होतं? मी. खाली सही माझी. मलाही भूक लागली होती, दुसरं काय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवस डोक्यात तेच. आज चौकातली सिग्नलची पेटी उघडली, एकोणीसचे छत्तीस केले, पेटी बंद केली. चार मिनिटांचं काम. किल्ली माझ्याकडेच असते.

सोबत शिडी होता. म्हणजे आमचा लाइनमन, सहा फुटांच्या वर गेलेला, म्हणून सगळे शिडी म्हणतात. पुढच्या वर्षी रिटायर होतोय. "किती केलेस?" "छत्तीस." "मला जवळचं दिसत नाही हल्ली," म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एका दमात पलीकडे! संध्याकाळी आल्या त्या दारातूनच सांगत – "पाय सुधारला गं माझा. ते तेल लागू पडलं." मी म्हटलं, "हो का?" मग त्यांनी शेजारणीला सांगितलं, खालच्या मजल्यावरही ऐकू जाईल अशा आवाजात. नवऱ्याला दोनदा सांगितलं. मी भाजी चिरत राहिले. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गाड्यांची रांग लागते म्हणून कुणीतरी तक्रार केली. गाडीवाल्यांना दोन मिनिटं थांबायला लागलं की लगेच फोन. म्हातारी माणसं तासभर कठड्याला चिकटून उभी राहिली तरी कुणाचा फोन येत नाही. साहेबांनी शिडीला पाठवून परत एकोणीस करून घेतले.

चार वाजता मी जाऊन छत्तीस केले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी एकोणीस. दुपारी छत्तीस. बघू कोण दमतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "कोण करतंय हे?" शिडी पंख्याकडे बघत होता. बिचाऱ्याचं पेन्शन अडकायचं. म्हटलं, "मी करतेय."

किल्ली गेली. हातात मेमो – सात दिवसांत चूक लेखी मान्य करा, नाहीतर चौकशी. बाकीचे गेल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "दोन ओळी लिहून द्या, बाई. चूक झाली, मान्य आहे, एवढंच. मी मिटवतो."

"कुठली चूक, ते आधी ठरवू," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वीची, की आठवड्यापूर्वीची?" आवाज चढला माझा. चढू दे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नवऱ्याला पर्समध्ये मेमो सापडला. मग काय, घर डोक्यावर. "नोकरी घालवायला निघालीस? कुणासाठी?"

"तुझ्या आईसाठी."

तोंडातून गेलं आणि वळून बघते तर सासूबाई दारात. सगळं ऐकलं त्यांनी. राहिलेलं विचारून घेतलं. सांगितलं मी – सेकंद, पेटी, किल्ली, सगळं.

"म्हणजे पाय सुधारला नव्हता."

"आई, तसं नाही हो–"

"गल्लीभर सांगत फिरले मी. तेलाची दुसरी बाटली मागवली. मनात हसत असशील."

नव्हते हसत. शपथेवर सांगते, नव्हते. "मला विचारायचंस तरी," म्हणाल्या आणि आत गेल्या. साहेबांशी भांडता आलं, नवऱ्याशी आलं, इथे तोंडच उघडेना. बाथरूममध्ये जाऊन रडले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सासूबाईंपुढे चहा ठेवला, तसाच गार झाला. दुकानात गेल्या नाहीत.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आजही गेल्या नाहीत. शिंप्याचा मुलगा विचारायला आला, त्याला म्हणाल्या, "बघू." नवरा खूश आहे. तो खूश आहे याचाच मला संताप येतोय.

मेमोचं उत्तर लिहायला बसले. एक ओळ सुचली नाही. माफी मागणार नाही, मग नोकरी राहो की जावो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी नऊला सासूबाईंनी चपला घातल्या, काठी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घड्याळ घे. चल."

सिग्नलपाशी येऊन थांबलो. "इथेच उभी राहा. हात धरायला यायचं नाही. मोज फक्त."

हिरवा लागला. निघाल्या. आणि मला कळेना, इतक्या हळू का? पाऊल टेकलं की काठी, काठी टेकली की पाऊल. एकोणीसला लाल झाला तेव्हा डिव्हायडरही आला नव्हता. त्या थांबल्या नाहीत. काठी आडवी वर धरली आणि चालत राहिल्या. बसच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, डोकं बाहेर काढलं. "आजी, लाल झालाय!"

"दिसतंय मला. चालतेय ना."

मागे हॉर्नचा नुसता कल्ला. डिव्हायडरच्या पलीकडेही तेच. पण एकानेही गाडी पुढे घेतली नाही. पलीकडच्या फुटपाथवर चढून वळल्या. "किती झाले?"

"एक्केचाळीस!"

मान हलवली आणि दुकानात शिरल्या.

संध्याकाळी स्वतःहून चहा मागितला. म्हणाल्या, "तुझ्या त्या छत्तीसातही मी धावतच होते. पलीकडे गेलं की पायरीवर बसायचे, धाप जाईपर्यंत. शिंप्याच्या मुलाला विचार."

"मग बोलला का नाहीत?"

"पाय सुधारला म्हणून सांगून बसले होते ना सगळ्यांना."

दोघीही हसलो. मग मला परत रडू आलं, त्यांनाही. नवरा नुसताच बघत बसला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मेमोला उत्तर दिलं. दोन ओळींचं, साहेबांनी सांगितलं होतं तसंच.

चूक झाली, मान्य आहे.
छत्तीस कमी पडतात. एक्केचाळीस हवेत.