मॅन पेजातून बाहेर पडण्याबाबत

चिरंजीव भुंग्यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे रागाने दिलेले आहेत, ते कोणते हे तुझं तू ओळख. तुझी मान आता वळते का? वहिनीचे गुडघे काय म्हणतात? इकडे तुझे आतोबा खुशाल आहेत, मी नुसती आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं टकटकत असतात.

विषय तुला माहीत आहे. ग्रंथालयात मी एकतीस वर्षं एकाच टेबलावर बसून आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं कार्ड लिहीत आले. आता कार्डं गेली आणि काळ्या पडद्याचं यंत्र आलं. नवे साहेब म्हणाले, महिनाअखेरच्या सोमवारी प्रत्येकाने त्यांच्यासमोर एका फाइलची दुसऱ्या फोल्डरमध्ये नक्कल करून दाखवायची; ज्याला जमणार नाही तो तळघरात, बांधणी विभागात. तळघरात खिडकी नाही, बोलायला माणूस नाही, नुसता खळीचा वास. मला माझं टेबल सोडायचं नाही, भुंग्या. या पत्रातलं एवढं एक वाक्य गंभीरपणे वाच.

त्यावर तुझा सल्ला काय, तर "आत्या, कमांडच्या आधी मॅन लिही, की त्या हुकमाचं माहितीचं पान, म्हणजे मॅन पेज, उघडेल; सगळं त्यात दिलंय." दिलंय खरं. लिहिणाऱ्या सद्गृहस्थाला सगळं येतं, फक्त वाचणाऱ्याला काही येत नसेल ही शंका त्याला जन्मात शिवलेली नाही. आधी नाव, मग आराखडा, मग पर्यायांची ही लांबलचक माळ, आणि दाखला म्हणशील तर औषधालासुद्धा नाही. त्यातून आराखडा सगळा चौकटी कंसांत. आता आमच्या धंद्यात चौकटी कंसाचा अर्थ पक्का आहे: ही माहिती पुस्तकावर छापलेली नाही, आम्ही बाहेरून मिळवली किंवा अंदाजाने घातली. (लेखकाने नाव लपवलं, पण आम्हाला संशय असला, की ते नाव कंसात.) तेव्हा मी समजले, लिहिणाराच साशंक आहे. बिचाऱ्याला पर्याय असतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्याने कंस घातला आणि पुढे तीन टिंबं देऊन तो गप्प बसला. मग मीही प्रामाणिकपणे फाइलचं नाव कंसात लिहिलं, कारण खात्री मलाही नव्हती, आणि तीन टिंबं दिली. यंत्राने साफ नाही म्हटलं.

पानाच्या शेवटी मात्र "हेही पाहा" असं दिसलं आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. अशी कार्डं मी हजारांनी लिहिली आहेत. आमचा नियम असा, की वाचकाला जिथे धाडाल तिथे त्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे. इथे पहिल्या पानाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे आणि तिसऱ्याने परत पहिल्याकडे. (एका पानावरून दुसऱ्यावर जायला मी दर वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करत होते. का, ते सांगते.)

कारण आत शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं. एस्केप दाबलं, एंटर दाबलं, "पुरे" असं लिहूनही पाहिलं. शेवटी भिंतीवरचं बटण. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी सफाईच्या बाईंनी पडदा पुसताना तळाशी मी चिकटवलेली चिठ्ठी सोलून काढली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "परीक्षा सोमवारी, घाबरायचं नाही." आणि तिच्याखाली यंत्राने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं होतं, की बाहेर पडायला क्यू दाबा. मी दाबलं. बाहेर आले, मुद्दाम आत गेले, पुन्हा बाहेर आले. असं अकरा वेळा केलं. मग रडू आलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर नक्कल दोन तासांत जमली. आधी काय, मग कुठे, एवढंच तर होतं. तेव्हा काळजी नसावी.

तुझी, तूर्त तरी टेबलावरची,
आत्या

ता. क. सोबतच्या कागदावर सात प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं उलट टपाली पाठव. दाखल्यांसकट, आणि एकही कंस न घालता.

ता. क. दुसरा. त्या कागदावरचं अक्षर माझं नाही हे तू ओळखशीलच. ते साहेबांचं आहे. काल केबिनमध्ये बोलावून त्यांनी दार लावलं, तेव्हा मला वाटलं, आलं तळघर. तर खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही त्यातून बाहेर कशा पडता? मी महिनाभर मागची वायर उपटतोय." परीक्षा घेणारे तेच, त्यामुळे विचारायची पंचाईत. सोमवारी माझा नंबर पहिला लावलाय, म्हणजे माझं पाहून त्यांना बाकीच्यांना नापास करता येईल. मी म्हटलं, आणि माझ्या टेबलाचं काय? तर म्हणाले, "तुम्ही खाली गेलात तर मी वर कुणाला विचारू?"