फ्रिजच्या रबरातली मावशी

चि. ढमे,

रविवार, दि. १५ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. या वेळी तू माझ्या फ्रिजच्या दाराच्या रबरात कापसाची काडी घातलीस. मी तेव्हा पुढच्या खोलीत फोनवर होते. (फोन कुणाचा होता, हेही आता मला कळलं आहे. जावईबापू बाहेर जिन्यात उभे राहून, घोगरा आवाज काढून, मला गालिचे विकत होते. गालिचा लांबी-रुंदीने केवढा, असं विचारल्यावर त्यांनी ‘मध्यम’ असं उत्तर दिलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.)

तर आधी रीतीप्रमाणे अनेक आशीर्वाद. तब्येत कशी आहे? झोप नीट लागते का? दिवसभर लॅबमध्ये उभं राहून पाय भरून येतात का? मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण आमच्यात निदान काय चाललंय ते तो मला तोंडावर सांगतो. बाकीच्यांसारखी लपवाछपवी करत नाही.

हे पत्र तक्रारीचं आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. विमा कंपनीच्या तक्रार विभागात माझी सगळी नोकरी गेली. आलेल्या तक्रारींत लोक आधी रडायचे, मग ओरडायचे, आणि काय झालं, कधी झालं, काय हवंय हे लिहायचं विसरायचे. मी विसरणार नाही. काय झालं आणि कधी झालं ते वर आलं आहे. काय हवंय ते खाली येईल. मधे थोडा राग आहे, तो सोसून घे.

मूळ चूक माझी नाही. फेब्रुवारीत तू मला दोन काड्या आणि दोन नळ्या आणून दिल्यास आणि समजावलंस की घराघरांतल्या फ्रिजमध्ये कोणते जिवाणू राहतात, त्यातले कोणते अन्नातून माणसाला आजारी पाडतात आणि त्यांच्या जनुकांत नेमका काय फरक असतो, यावर तुमचं काम चाललंय. तेव्हा फ्रिज आहे तसाच ठेव, एक काडी आतून फिरव आणि नळीत घालून दे, असं तू म्हणालीस. आता मला सांग, आहे तसाच म्हणजे काय? एरवी कुणी चहाला यायचं म्हटलं तरी मी पडदे धुते, आणि इथे तर सूक्ष्मदर्शक येणार होता. ज्या शाळेत सिस्टर रोज सकाळी दहाही नखं उलटीपालटी करून बघायच्या (आणि एका बोटासाठी अख्ख्या मुलीला घरी पाठवायच्या), त्या शाळेत मी शिकले. मी दोन दिवस फ्रिज धुतला. गरम पाणी, सोडा, शेवटी फिनेल. काडीसुद्धा वापरण्याआधी उकळून घेतली, कारण ती कुठून कुठून आली असेल कुणाला ठाऊक. मग तू निकाल सांगितलास, ‘मावशी, तुझ्या फ्रिजमध्ये काहीच नाही गं. ऑपरेशन थिएटरमध्ये याहून जास्त सापडतं.’ मी ते कौतुक समजले. इमारतीत वरपासून खालपर्यंत सांगून आले. तू तेव्हा ओठ चावत होतीस, ते मला आता आठवतंय.

त्यानंतर तो गालिच्याचा रविवार. आणि त्यानंतर तू माझ्याकडे खायचं बंद केलंस.

हे मला फार लागलं, ढमे. लहानपणापासून तू माझ्याकडे आलीस की आधी फ्रिज उघडायचीस, मग चपला काढायचीस. गार खरबुजाच्या फोडींचा वाडगा मांडीत घेऊन बसायचीस, आणि बाकीच्यांना दोन-दोन फोडी मिळतील न मिळतील अशी व्यवस्था करायचीस. ती तू आता येतेस, टेबलाशी अंग चोरून बसतेस, ‘पोट जरा बिघडलंय’ म्हणतेस आणि फक्त उकळता चहा पितेस. जावईबापू बिचारे दोघांच्या वाटचं खातात. (गेल्या वेळी त्यांनी तीन वाट्या पुडिंग खाल्लं आणि सोफ्यावरून उठायला माझा हात मागितला.) मी काय काय मनात आणलं, ते सांगत नाही. माझ्या हाताची चव गेली. म्हातारीच्या घराला वास येतो. मुलगी शास्त्रज्ञ झाली, तिला आता आपलं घर घाण वाटतं. हे शेवटचं मनात आलं त्या संध्याकाळी मी खरबूज आणलं, कापलं आणि उभ्याउभ्या एकटीने संपवलं. गोड होतं, तरी गोड लागलं नाही.

म्हणून १८ एप्रिलला तुमच्या संस्थेचे दरवाजे सगळ्यांसाठी उघडे आहेत, अशी पाटी वाचली तेव्हा मी न बोलावता आले. म्हटलं, बघू या तरी ही इतकी स्वच्छ जागा. तू सभागृहात भाषण करत होतीस. मला लॅबमध्ये त्या चष्मेवाल्या मुलीने धरलं, तीच ती तुझी मदतनीस, बोलताना जिचा चष्मा नाकावरून खाली येतो आणि ती तो खांद्याने वर ढकलते, कारण हातात मोजे असतात. मुलगी गोड आहे. मी कोण ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिने मला भिंतीवरचा भला मोठा वंशवृक्ष दाखवला. जिवाणूंचा! कुणाची जनुकं कुणाशी किती जुळतात, त्यावरून कोण कुणाचा सख्खा आणि कोण चुलत, हे त्यात मांडलं होतं. घरांची खरी नावं लिहायची नाहीत असा नियम, म्हणून फांद्यांच्या टोकांना ‘शेजारीण’, ‘घरमालक’, ‘साहेबांच्या सासूबाई’ अशी नावं. आणि उजवीकडे, खालून तिसऱ्या फांदीवर, ‘मावशी, दाराचं रबर, १५ मार्च, ४.१०’.

या वयात वंशवृक्षावर नाव लागलं, आणि तेही असं! मी आवाज चढवला नाही, हे माझ्यावरच्या संस्कारांचं श्रेय. मी फक्त विचारलं, ‘ही मावशी कोण?’ ती म्हणाली, ‘लिस्टेरिया. बाकीचे जंतू फ्रिजमध्ये गारठून बसतात, पण ही मंडळी थंडीतसुद्धा वाढतात. शिळं गार अन्न, कापून ठेवलेली फळं, खरबूज वगैरे.’ आणि शेजारच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. या जंतूपासून कुणी जपायचं, ते त्यावर चित्रांनी दाखवलं होतं. एक काठीवाले आजोबा होते. आणि एक बाई होती, पोटावर हात ठेवलेली.

ढमे, मी त्या चित्राकडे बघत राहिले. खरबूज. पुडिंग. उकळता चहा. अंग चोरून बसणं. मला सगळं एका दमात कळलं, आणि त्याच दमात मागचं वर्ष आठवलं. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की पोटातलं का राहिलं नाही, याचं कारण सापडत नाही. मागच्या उन्हाळ्यात दर रविवारी तू माझ्याच घरी वाडगा मांडीत घेऊन बसत होतीस. मी टेबलाची कड धरली. त्या मुलीने घाईने स्टूल सरकवलं आणि विचारलं, ‘आजी, पाणी देऊ?’ (आजी! पण तेव्हा तेही चाललं.) मी म्हटलं, ‘ही मावशी कुणाला काही करते का?’

ती हसायला लागली. म्हणाली, ‘मावशी? छे हो! मावशीला दातच नाहीत.’ मग तिने नीट सांगितलं. या घराण्यात एक जात घातक असते, तिच्याकडे आतड्याच्या पेशीत शिरायचं, तिथून पुढे पसरायचं सामान असतं, जनुकांचा एक अख्खा गट. माझ्या रबरातली जात तिची बहीण. दिसायला तशीच, पण तो गटच तिच्यात नाही. ‘साहेबांच्या सासूबाई मात्र दातवाल्या निघाल्या, साहेबांना घरी सांगायची हिंमत होत नाहीये.’ आणि मग ती सहज बोलून गेली, ‘ताईंनी हाच नमुना सगळ्यांत आधी तपासला, स्वतःच्या हातांनी. निकाल आल्यावर पुन्हा एकदा केला. आणि मग त्या खिडकीपाशी जाऊन रडल्या. एका निरुपद्रवी जंतूसाठी कोण रडतं, आजी?’

मी तिला सांगितलं नाही, कोण रडतं ते. म्हणजे जे मला स्टुलावर बसून सुचलं, ते तुला माझ्याआधी सुचलं होतं. मला न सांगता तू माझ्या फ्रिजवर खटला भरलास, तो एकटीने चालवलास आणि मला निर्दोष सोडून मोकळी झालीस. मागच्या वर्षीचं आता कुणीच सांगू शकत नाही, एवढं मलाही कळतं. पण तू शोधायला गेलीस. आयुष्यभर मला लोकांनी जहाल, खवट, करवत, काय काय म्हटलं. दात नाहीत असं पहिल्यांदाच कुणी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन आरशासमोर उभी राहून ते दोनदा म्हणून पाहिलं.

राग मात्र आहेच. मी जावईबापूंना गाठून गालिच्याचं कबूल करून घेतलं. काडीचं सगळं ओकले. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले. मला काहीही माहीत नाही, ढमे. मी काहीही ओळखलेलं नाही. मागच्या वेळी तू आनंदाने सगळ्यांना सांगितलंस, आणि मग एकेकाला फोन करून ‘तिला आता काही विचारू नका’ हे सांगायचं काम मी केलं. ते काम मला पुन्हा पडू नये म्हणून तू गप्प आहेस, की ते शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायचं तुझ्यात बळ नाही म्हणून, ते तुझं तुला माहीत. तू हवी तेवढी गप्प राहा. फक्त माझ्याकडे येऊन उपाशी बसू नकोस, ते मला बघवत नाही.

तुझी (दात नसलेली),
मावशी

ता. क. १ : चष्मेवालीने हेही सांगितलं की जिथे बिनदातांची बहीण राहते, तिथे दातवालीही मुक्कामाला येऊ शकते. म्हणून मी रबर काढून धुतलं, भाजीचे खण उकळत्या पाण्याने धुतले, आणि मग तिने सांगितल्याप्रमाणे आठ दिवस फ्रिजला फडका लावला नाही. (नोकरीत एवढा संयम कधी पाळला नव्हता.) तू दिलेली दुसरी काडी आज सकाळी रबरात फिरवली आहे. उकळलेली नाही, शपथ.

ता. क. २ : ती नळी बर्फाच्या डब्यात घालून जावईबापूंच्या हाती या पत्राबरोबर पाठवते आहे. डब्यात लोणी आहे असं त्यांना सांगितलंय. पोचेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही, तेव्हा आल्याआल्या डबा काढून घे.

ता. क. ३ : तुमच्या जिवाणूंना उगवायला चार-पाच दिवस लागतात असं कळलं. निकाल स्वच्छ आला तर रविवारी, ३ मेला, ये. निकाल वाईट आला तरी ये. मी फ्रिज विकून टाकेन आणि तुझ्यासमोर शिजवून वाफाळतं वाढेन. खरबूज तू समोर बसल्यावर धुऊन कापेन.

ता. क. ४ : या वेळी नळीवर ‘मावशी’ लिहू नकोस. माझी बढती व्हायची असेल, तर नवा हुद्दा ‘मावशीआजी’ असा लिही आणि त्या चिठ्ठीची नक्कल मला पाठव. सांगावंसं वाटत नसेल तर कोरी चिठ्ठी पाठव. मी काही विचारणार नाही, कुणाला फोन करणार नाही, वाढायचं तेवढं वाढेन. पण कोरी असो की लिहिलेली, चिठ्ठी पाहिजे. शनिवार, २ मे, दुपारी बाराच्या आत. लेखी.