मागच्या दाराच्या फटीतला बाक

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, अविवाहित. बर्फावरच्या हॉकीच्या काठ्यांची पाती तापवून वाकवून देणे हा माझा धंदा. उद्या माझे अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही हो." ते ऐकूनच हे लिहायला बसले. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. आई सकाळपासून "एवढ्याशासाठी कुणी मृत्युपत्र करतं का?" म्हणते आहे, तो दबाव असलाच तर न लिहिण्याचा आहे.

१. मैदानामागच्या गल्लीतले घर, दुकानासह, आणि बँकेतली शिल्लक आईला. आईनंतर धाकटीला, म्हणजे माझ्या एकुलत्या बहिणीला. ती तीन वर्षे माझ्याशी बोलत नाही. त्यामुळे वाटा कमी होत नाही.

२. पाती आवळायचा मोठा शिकंजा काकांना. बाबा असताना त्यांनी तो "दोन दिवसांसाठी" नेला होता. आता त्यांचाच झाला. त्यांच्या जिवाला शांतता आणि माझ्याही.

३. लाकडी साचे मुलींच्या संघाला. बाबांनी मला शाळेच्या आधी शिकवले ते सोबत देते: पात्याचा बाक, म्हणजे वाक, हाताला विचारून निवडायचा, हौसेला नाही. खोल बाकाने चकती, बर्फावर चेंडूऐवजी असते ती, झटकन उचलली जाते, पण पात्याच्या उलट्या बाजूने मारणे अवघड होते. नवशिक्या मुलींना पात्याच्या मध्यावरचा, उथळ बाकच द्यावा. रडल्या तरी.

४. मागचे दार चौकटीसकट धाकटीला, पुढे घर विकले गेले तरी. तिची पहिली काठी बाबांनी याच दाराच्या फटीत वाकवली. अंतिम सामन्याच्या दिवशी तिने दुकानातून नेलेले पाते इथेच आणखी वाकवले. मला ते ठाऊक नव्हते. समोरच्या संघाने हरकत घेतली. सामन्यात काठ्या मोजायच्या टेबलावर बाबांनंतर मीच बसते. पाते सपाट पत्र्यावर पालथे ठेवायचे. पितळी तुकडा बाकाखालून आरपार गेला तर काठी बाद. तुकडा गेला.

"ताई, तुझ्याच दुकानातली काठी आहे!"

"दुकानातून गेली तेव्हा मापात होती."

"म्हणजे मी चोर?"

"पातं मापाबाहेर आहे. एवढंच म्हणते."

तिचा संघ सामना हरला. ती सामान घेऊन मैत्रिणीकडे गेली ती गेलीच. तिच्या पात्याचा निळा रंग दाराच्या कडेला मला दुसऱ्या दिवशी दिसला. पुसलेला नाही. माप मात्र बरोबर होते. माप आधी घरच्यांना लावावे, असे बाबा म्हणत. उद्या पुन्हा वेळ आली तर मी तसेच मोजीन. हे कलम वाचून तिला दार नको झाले, तर तो तिचा हक्क आहे.

५. मापाचा पितळी तुकडा सामने भरवणाऱ्या मंडळाला.

दुरुस्ती. वरचे लिहून झाल्यावर धाकटी आली. आईनेच कळवले असणार. दारातूनच म्हणाली, "दात काढायचा असला तरी शोकसभा घेशील काय?" मग कागद ओढून चौथे कलम दोनदा वाचले. बाहेर ठेवलेली काठी आणली, पाते टेबलावर पालथे टाकले आणि म्हणाली, "मोज."

मी मोजले. तुकडा अडला.

"नीट ढकल. घरची म्हणून सोडू नकोस."

पुन्हा ढकलला. पुन्हा अडला. तिने तो उचलून खिशात टाकला. "तू पडून राहशील तेव्हा टेबलावर कोण बसणार? काका?"

सबब पाचवे कलम रद्द. ती वस्तू मी हयातीतच दिली आहे. माझ्या मालमत्तेत धरू नये. बाकी कलमे कायम.

साक्षीदार: १. मैदानाच्या बर्फाची देखभाल करणारे मामा (सही). २. शेजारच्या शिंपीणकाकू (सही).

धाकटी हजर होती. तिला वाटा मिळत असल्याने साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही. मी सही करताना कागद तिने धरला.

स्थळ: मागच्या दाराजवळचे टेबल
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस
(सही) थोरली