नापास चेहरे

सोमवार, २ सप्टेंबर

कचरा म्हणे!

सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या मालकाचा फोन. खाली दाराशी फोटोचं मशीन बसणार, पहिल्या मजल्यावरची आपली खोली महिनाअखेर रिकामी करायची. आणि काकू, कपाटातला तो कचरा तेवढा काढून टाका.

तो कचरा म्हणजे माझे नापास फोटो.

लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल. लग्नानंतर या दुकानात लागले ते आजतागायत पासपोर्टचे फोटो काढतेय. हनुवटी वर, दात नकोत, कान दिसू देत, हलू नका. तरी माणूस हलतोच. हसतो, शिंकतो, डोळे मिटतो. कचेरीवाले फोटो परत करतात, माणूस तणतणत माझ्याकडे येतो. मी दुसरा काढून देते, पहिला ठेवून घेते. त्याचा कोपरा कापायचा, म्हणजे चुकून पुन्हा वापरला जात नाही, आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटात घालायचा. पाकिटावर नाव, फोन नंबर असतोच. वर्षअखेर सगळी पाकिटं जाळायची. मालकाच्या वडिलांनी, थोरल्या मालकांनी घालून दिलेला नियम.

मी एकही जाळलं नाही. का जाळू? सगळ्यात चांगले फोटो तेच होते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मालकाला विचारलं, तुझ्या मशीनमध्ये फोटो बिघडला तर त्याचं काय होतं? म्हणाला, "लगेच पुसून टाकतं काकू. माणसाला कळतसुद्धा नाही." आणि असा हसला, जणू मशीनची मुंज— जाऊ दे. याला मी शाळेच्या गणवेशात पाहिलाय. शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढताना याने जीभ बाहेर काढली होती. तोही आहे माझ्याकडे.

दुपारी एक शिक्षिका आली, तिला परदेशी परिषदेला जायचंय. मी कपाट उपसत बसले होते. तिने खोक्यात डोकावून पाहिलं आणि तिथेच फतकल मारून बसली. म्हणाली, हे एखाद्या फोटो गॅलरीत लागायला हवेत. मी म्हटलं, म्हणजे लग्नाच्या अल्बमवाल्याकडे? नाही हो, म्हणाली. नुसते भिंतीवर फोटो लावतात, लोक बघायला येतात, बघतात आणि जातात. एवढ्या मोठ्या शहरात कितीतरी असतील, शोधा.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. बसच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना दोनच कामं: कमरेला पट्टा बांधून खिडकीत बसणं आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणं. म्हणाले, "नापास ते नापास. तुझ्या त्या कचऱ्याला कोण बघणार?"

हा दुसरा. एका आठवड्यात दोघांनी कचरा म्हटलं. आता तर शोधतेच!

रविवार, ८ सप्टेंबर

दुकान दुपारी बंद झालं तशी निघाले. फोनमध्ये 'गॅलरी' म्हणून विचारलं की तो धडाधड नावं फेकतो. पहिली निघाली चौकटीचं दुकान. चौकटी छान होत्या, आत फोटो एकाचाही नाही. दुसरीत शिरले तर चहूकडे न्हाणीघरातल्या फरशा. विक्रेता म्हणाला, मॅडम, कुठला रंग दाखवू? म्हटलं, माझ्या नशिबाचा दाखवा.

तिसरीचा पत्ता बरोबर होता, पण गल्लीत कोणालाच ठाऊक नाही. किराणावाला नाही, चावीवाला नाही, समोरच इस्त्री करणारा नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरच्या जिन्यात सापडली. पाटी एवढीशी, कोणी चुकूनसुद्धा येऊ नये म्हणून लावल्यासारखी. आणि दाराला कुलूप. रविवारी लवकर बंद करतात.

चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी घरी आले. ह्यांनी पायांकडे पाहिलं. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

सोमवार, ९ सप्टेंबर

माझी हक्काची सुट्टी. आज तीन ठिकाणी गेले. तिन्ही बंद. तिसऱ्याच्या रखवालदाराने समजावलं, सोमवारी सगळ्याच गॅलऱ्या बंद असतात. सगळ्या! आणि माझी सुट्टी सोमवारची. याला म्हणतात दैव देतं आणि कर्म नेतं.

येताना दुकानात जाऊन मालकाला सांगून आले, बुधवारी मी येणार नाही. विचारलं नाही. सांगितलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

पाहिल्या! आज दोन पाहिल्या!

आधी डॉक्टरच्या जिन्यातली. घंटा वाजवावी लागते. एका मुलीने दार उघडलं आणि वर न बघता परत जाऊन बसली. आत सगळं पांढरं, गार, चिडीचूप. घरात कोणी गेलंय की काय असं वाटलं. भिंतीवर लांबच लांब मजकूर होता, तीनदा वाचला, पालथ्या घड्यावर पाणी. फोटो मात्र कळले. एकाचा कान दिसत नव्हता, एकाच्या मानेवर सावली. माझा हात आपोआप दिवा सरकवायला वर गेला.

दुसरी मोठी, जुन्या गोदामात. दारावरचा रखवालदार म्हणाला, बाई, काम कुणाकडे आहे? म्हटलं, "फोटोंकडे." त्याने दार सोडलं.

तिथे शेवटच्या भिंतीवर एक म्हातारी होती. दाराएवढी मोठी. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, बोलता बोलता काहीतरी आठवल्यासारखी. आमच्याकडे आली असती तर मीच म्हटलं असतं, आजी, नापास, परत बसा. आणि इथे लोक तिच्यासमोर हळू आवाजात बोलत होते. मी मोठ्याने हसले. लोकांनी वळून पाहिलं. मग हसताना रडूच आलं, तेही त्यांनी पाहिलं. बघू देत. बघण्यासाठीच तर आलेत.

म्हणजे मिटलेले डोळे चालतात. हललेलं चालतं. मग माझी माणसं का नाही? माझे फोटो भिंतीवर लागणार. खोली जायच्या आत लागणार. बस्स, ठरलं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

पाय सुजलेत. पर्वा नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

सगळ्यांत चांगली दोन खोकी पिशवीत घातली आणि गोदामवाल्या गॅलरीत नेली. तिथल्या मुख्य बाईंनी भेट दिली. गोल चष्मा, आखूड केस, बोलणं मोजकं. मी तिला चष्मेवालीच म्हणते.

तिने हात पुसून फोटो टेबलावर मांडले. शिंकणारा वकील. बाळाचं डोकं धरलेला बापाचा हात, हातच जास्त आलाय. स्टूल करकरलं म्हणून खो खो हसलेली नर्स. मुलाकडे कायमचा निघालेला तो म्हातारा, डोळ्यांत पाणी काठोकाठ. चष्मेवालीने एकेक उचलून उजेडात धरून बघितला. मग कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, हे फार विचारपूर्वक केलंय तुम्ही. म्हटलं, नाही हो, कात्रीने केलंय.

ती हसली. मग तिने विचारलं, "आणि या लोकांना विचारलंत का?"

सोमवार, १६ सप्टेंबर

यांना विचारलंत का! दिवसभर तेच डोक्यात. माझे फोटो, मी काढले, मी जपले, मी कोणाला विचारू?

भांडी आपटली. कपडे आपटले. संध्याकाळपर्यंत आपटायला काही उरलं नाही तेव्हा कबूल केलं, तिचं बरोबर आहे. चेहरे त्यांचे आहेत. बरोबर होतं म्हणूनच तर इतकं झोंबलं.

बुधवार, १८ सप्टेंबर

खोकी चष्मेवालीकडे राहिलीत, पाकिटं माझ्याकडे. त्यांवरचे नंबर बघून फोन लावतेय. निम्मे नंबर बदललेत. एकाला वाटलं मी कर्ज विकतेय, त्याने फाडकन ठेवला. वकीलसाहेब शिंकेबद्दल खूश, म्हणाले दोन लावा. बाळाचा बाप म्हणाला, ते बाळ आता माझ्याशी बोलत नाही, लावा, कदाचित बघेल. नर्सला आठवेचना, मी स्टुलाचा आवाज काढून दाखवला तेव्हा फोनवर पुन्हा तशीच हसली.

म्हातारबाबा नाही म्हणाले. स्वच्छ, शांतपणे. ते परत आलेत म्हणे, मुलाकडे जमलं नाही. "ते रडणं मला पुन्हा बघायचं नाही, बाई." तो माझा सगळ्यात सुंदर फोटो आहे. घशाशी आलं होतं, एकदा तरी विचार करा. गिळलं. पत्ता विचारून घेतला, गॅलरीतून फोटो आणला आणि पाकिटात घालून पाठवून दिला.

शुक्रवार, २० सप्टेंबर

चष्मेवालीचा फोन. त्यांचे एक मोठे कलाकार आहेत, त्यांना माझे फोटो फार आवडले. ते यांतून 'काहीतरी घडवतील'. पुढच्या वर्षी प्रदर्शन, त्यांच्या नावाने. माझं नाव खाली आभारात.

आभारात! मी काय खुर्च्या लावल्या?

ती वाईट नाही. म्हणाली, अशीच पद्धत आहे, विचार करून सांगा, एवढी मोठी भिंत पुन्हा मिळणार नाही. म्हटलं, विचार झाला. नाही. खोकी घ्यायला उद्या येते.

फोन ठेवला. मोठी भिंत होती हो. फार मोठी होती. पण काढताना मी होते, कोपरे मी कापले, फोन मी लावले, आणि वर नाव तिसऱ्याचं? शिजवलं मी आणि वाढणार दुसरा? नाही म्हणजे नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

खोकी आणली. मग मालकाकडे गेले. विचारलं, महिनाअखेरपर्यंत वरची खोली माझीच ना? हो म्हणाला, का? म्हटलं, भिंती वापरणार आहे. गिऱ्हाइकं? म्हटलं, ती आहेतच, तीच भिंतीवर असतील. डोकं खाजवत म्हणाला, खिळ्यांची भोकं बुजवून द्या म्हणजे झालं. जीभ काढलेला त्याचा फोटो दाखवला. कानापर्यंत लाल झाला, पण म्हणाला लावा.

रविवार, २२ सप्टेंबर

घरी आज महाभारत. हे म्हणाले, चांगली मोठी जागा देत होते तिला लाथ मारलीस आणि आता त्या खुराड्यात प्रदर्शन मांडणार! अगं, जिन्यात दिवा नाही, खाली पाटी नाही, कोण चढणार वर? "चार दिवस एकटी बसशील आणि रडत घरी येशील."

म्हटलं, तुम्हाला माझ्या बसण्याची काळजी आहे की लोक काय म्हणतील याची? तुमच्या वर्कशॉपात मोडकी इंजिनं यायची, त्यांना कधी कचरा म्हणालात? तेव्हा तर जेवताना त्यांच्या गोष्टी सांगायचात. मी ऐकायचे. रोज ऐकायचे! माझ्या एका फोटोची गोष्ट तुम्ही कधी विचारलीत?

हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मीही दुसऱ्या भिंतीकडे.

सोमवार, २३ सप्टेंबर

लावले! सुट्टी होती, एकटीनेच लावले. फोटो मोठे करायला जावं असं आधी वाटलं, मग म्हटलं नको, आहेत तेवढेच राहू देत. ज्याला बघायचं तो जवळ येईल. पांढरा पडदा, ज्याच्यासमोर सगळे बसले, त्याच भिंतीवर मधोमध वकीलसाहेब. चार भिंती भरल्या. मधे ते करकरणारं स्टूल ठेवलं, दमलेल्याने बसावं म्हणून. दारावर माझं नाव लिहिलं. ठळक, दोनदा गिरवून.

घरी अबोला चालू.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पासपोर्टवाले तिघे आले. फोटो काढून घेतले, भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. एकाने विचारलं, हे सगळे हरवलेत का?

बुधवार, २५ सप्टेंबर

कोणी नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

कोणी नाही. खाली मशीन आलं. खोक्यातून काढताना सगळा रस्ता जमला होता बघायला. वर एक माणूस नाही.

मी रडले नाही. आणि रडले असते तरी ह्यांना कळू दिलं नसतं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

नर्स आली, ड्यूटी संपवून, गणवेशातच. स्वतःला शोधत सगळ्या भिंती फिरली. सापडली तेव्हा म्हणाली, मी अशी हसते? मग स्टुलावर बसून राहिली. हल्ली वॉर्डात अवघड दिवस आहेत म्हणाली. चहा घेतला आणि गेली.

एक आली. एक म्हणजे शून्य नव्हे. बंद करायचं नाही, रविवारी रात्रीपर्यंत दार उघडंच ठेवणार.

शनिवार, २८ सप्टेंबर

कोणी नाही. घरी आले तर हे म्हणाले, आज किती आले? अबोल्यानंतरचे पहिले शब्द, आणि तेही हे! म्हटलं, कोणी नाही, झालं समाधान? मग मी तोंडात आलं ते बोलले, एकेका फोटोची गोष्ट. स्टुलाचं सांगितलं, नर्सचं सांगितलं, म्हाताऱ्याचा फोटो परत केला तेही सांगितलं. ते नुसते ऐकत होते. ताटातलं गार झालं तरी हात धुवायला उठले नाहीत.

रविवार, २९ सप्टेंबर

सकाळी उठले तर हे घरात नव्हते. बरं झालं म्हटलं, कटकट नाही.

दार उघडून बसले. थोड्या वेळाने जिन्यात पावलं. एक जोडपं, दोन मुलं. मग एक म्हातारी काठी टेकत. मग कॉलेजातल्या चौघी. मग तर स्टुलाला उसंत नाही! एक बाई नर्सच्या फोटोपुढे उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, स्टूल करकरलं म्हणून हसतायत त्या. मी चमकले. हे तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाली, खालच्या काकांनी. कोणाला सोडतच नाहीत, प्रत्येक फोटोची गोष्ट सांगून वर पाठवतात.

खिडकीतून वाकून पाहिलं. मशीनसमोरची रांग थांबवून आमचे हे उभे. सदऱ्यावरून पट्टा बांधलेला, एक हात कमरेवर, दुसरा वर माझ्या खिडकीकडे. रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "पहिला मजला. जिन्यात अंधार आहे, जपून. माझ्या बायकोने काढलेत."