सुस्तरामची जाहिरात

४ फेब्रुवारी

पास! माझी जाहिरात एकही शब्द न बदलता पास! इतक्या वर्षांत असं क्वचितच झालंय.

ज्या कॉम्प्युटर कंपनीसाठी लिहिली, तिथल्या जाहिरातवाल्या बाई सहसा हसत नाहीत. आज डोळे पुसले त्यांनी. एक जाडा माणूस, अंगात झोपेचे कपडे, बगलेत उशी. हा म्हणजे समोरच्या कंपनीचा कॉम्प्युटर. नाव सुस्तराम. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला सडसडीत तरुण. हा आमच्या बाईंचा. मालक म्हणतो, "चला, कामाला!" तरुण काम उरकून, परत येऊन, चहा पिऊन मोकळा. सुस्तराम अजून चपला शोधतोय. मागे टेबलावर समोरच्यांचं खरं मशीन, पडद्यावर 'थांबा' सांगणारं ते चाक गरगर फिरतंय. बस, एवढंच.

वकिलांच्या दोन अटी. नाव घ्यायचं नाही. आणि जे दाखवाल ते खरं हवं — मशीन दुकानातून विकत घ्या, गिऱ्हाइकाला मिळतं तसं, आणि चित्रण मध्ये न तोडता करा.

साहेब म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच आणा. तुमच्याकडे बघून कुणाला संशय यायचा नाही!" सगळे हसले. मीही हसलो. साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान, पण हसावं लागतं.

६ फेब्रुवारी

दादाच्या दुकानात गेलो. तो फक्त समोरच्यांचीच मशीनं विकतो, त्यांचा अधिकृत विक्रेता. कशासाठी हवंय ते सांगितलं नाही. घरी हवंय म्हटलं. तसं अगदीच खोटं नाही, चित्रण संपलं की ते मी ऑफिसकडून घरीच घेणार आहे.

दादाला काय आनंद! "अगं ऐकलंस का, धाकट्याला अक्कल आली! आमच्यात आला शेवटी!" वहिनी बिलाच्या टेबलामागून म्हणाल्या, "भाऊजी, बिल तरी करू का नको? हे फुकट द्यायला निघालेत." बिल घेतलंच. ऑफिसला लागतं.

खोका तसाच द्या म्हटलं, तर दादाने हातच धरला. "तसाच कसा? उद्या ये. तयार करून ठेवतो."

९ फेब्रुवारी

चित्रण झालं. सुस्तरामचं काम करणारा नट बहारदार. पण खरी मजा मशीनने आणली. मी लिहिलं होतं त्याहून मंद! बटण दाबलं आणि चाक फिरतंय, फिरतंय... नटाने चपला शोधल्या, सापडल्या, उलट्या घातल्या, पुन्हा सुलट्या घातल्या, तरी चाक फिरतंच आहे. कॅमेरावाल्याला हसू आवरेना.

टिंगल खरी असली की तिला धार लावावी लागत नाही. हे आज नव्या पोरांना ऐकवलं. ऐटीत ऐकवलं.

१९ फेब्रुवारी

जाहिरात लागली. गाजली!

२२ फेब्रुवारी

रस्त्यावर मुलं एकमेकांना सुस्तराम म्हणतायत. बँकेत रांग पुढे सरकेना तर मागून एकजण ओरडला, "अहो सुस्तराम, चाक थांबलं का?" खिडकीतली बाई चिडली, बाकी सगळे हसले. माझा शब्द परक्यांच्या तोंडात — खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

हिला बरं वाटलेलं नाही. जेवताना म्हणाली, "तुमचं मशीन चांगलं असेल तर चांगलं म्हणा ना. शेजाऱ्याला वेडावून कशाला दाखवायचं?"

मी म्हटलं, "नुसतं चांगलं म्हटलं तर कुणी ऐकत नाही. गिऱ्हाइकाला दोन्हींतून एक निवडायचं असतं, मग फरक दाखवायला नको? खरा फरक हसून सांगितला तर बिघडलं कुठे?"

"आणि भाऊजींचं दुकान?"

म्हटलं, दादा हसला असेल. दादा कशालाही हसतो.

१ मार्च

दादा हसला नाही.

दुपारी दुकानात गेलो. कुणी नाही. मांडलेल्या मशीनवरची धूळ पुसत होता. "तुझं काम आहे ना ते? छान आहे. नट छान घेतलाय." एवढंच. दादा कमी बोलला की मला अजून शाळेतल्यासारखी भीती वाटते.

तेवढ्यात एक बाप आणि त्याची मुलगी आत आले. दादा उठला, मशीनचं बटण दाबलं, वर्णन सुरू केलं. चाक फिरायला लागलं. मुलीने बापाला कोपर मारलं. बाप दादाच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "चपला सापडल्या की सांगा हो!" आणि गेले. दादा मलाच समजावू लागला — लोकांचं मनच तसं झालंय, त्याला मी तरी काय करणार. कंपनीने विचारलंय म्हणे, विक्री अशीच राहिली तर दुकान का चालू ठेवायचं?

२ मार्च

कामात जीव नाही. तरी सुस्तराम नंबर दोन लिहून दिला. मुदत म्हणजे मुदत.

५ मार्च

मशीन घरी आलं. ही म्हणाली, "अगदीच मंद आहे हो. तुमची जाहिरात खरी आहे." मला बरं वाटलं! लिहायला लाज वाटतेय, पण वाटलं.

संध्याकाळी दादा-वहिनी आले. मशीन बघून दादा खुलला. खुर्ची ओढून बसला आणि एकेक दाखवायला लागला. "हे बघ, खेळ. हे फोटोचं. हे गाण्यांचं. हे टाइप शिकायला. शब्दकोश — तुला लागतो ना? हे हवामान सांगतं. आणि व्हायरस मारणारे तीन!"

"तीन कशाला, दादा?"

"एकाच्या हातून सुटला तर दुसरा आहे ना! सगळे आपोआप सुरू होतात, तुला काही करावं लागत नाही. बाकी दुकानदार नुसता खोका देतात. माझ्याकडचं गिऱ्हाईक रिकामं जात नाही."

मी बघतच राहिलो. सगळे आपोआप सुरू होतात. बटण दाबल्याबरोबर, सगळे, एकदम.

६ मार्च

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला मशीन दाखवलं. तो पोट धरून हसला. "गुरुजी, तीन पहारेकरी एकाच दारात उभे केलेत कुणी! एकमेकांचीच झडती घेतायत!" सगळं काढून टाकलं त्याने. बटण दाबलं. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत सुरू!

म्हणजे त्यांचं मशीन मंद नाहीच. आमच्या बाईंच्या मशीनइतकंच चपळ आहे. मंद होतं ते दादाचं प्रेम. (असली वाक्यं लिहायची खोड जात नाही. जाहिरातीत असतं तर खोडलं असतं.)

कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, कुठे बोलू नकोस. "आपल्याला काय!" म्हणाला.

७ मार्च

साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, फक्त 'दुकानदाराने' म्हटलं, 'दादाने' नाही. वाटलं होतं दचकतील. ते म्हणाले, "मग? वकील काय म्हणाले होते? गिऱ्हाइकाला मिळतं तसं. तसंच मिळालं. आपण खोटं कुठे बोललो?"

"पण मशीन मंद नाहीये, साहेब."

"लोक हसतायत ना? मग मंद आहे. जा, नंबर तीन लिहा. आणि जरा बोचरं करा हो, दोन नंबरचा मऊ झालाय."

राजीनाम्याचा विचार आला. मग काय होईल? सुस्तराम कंपनीचा आहे, माझा नाही. मी गेलो तरी तो चपला शोधतच राहणार.

९ मार्च

दादाला सांगायचं ठरवून गेलो. "दादा, ते तीन व्हायरसवाले... एकच ठेवलास तर? मशीन जरा लवकर सुरू होईल." चेहराच पडला त्याचा. "तूही जाहिरातीवर विश्वास ठेवायला लागलास? अरे, मी लोकांना जास्तीचं देतो. कमी देणारे सांगतात मला!"

पुढे जीभ रेटेना. काय सांगू? की जे तू मायेने घालतोस त्यानेच बुडतोयस? आणि ते मी दुनियेला दाखवलंय?

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांना सांगितलं, सगळं. त्यांनी मागे वळून दादाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्यांना नका सांगू, भाऊजी. एकेका गिऱ्हाइकासाठी बसून घालतात ते. याला हे लागेल, त्याला ते लागेल. दुसरं सुख काय आहे त्यांना? दुकानातल्या मशीनवरचं मी हळूहळू काढते. त्यांना कळायचं नाही."

"आणि जाहिरात?"

"ती तुमची," म्हणाल्या. रागाने नाही. तेच लागलं.

१२ मार्च

समोरच्या कंपनीने जाहिरात मंडळाकडे तक्रार केली. बरोबर आहे त्यांचं! मंडळ विचारतंय — मशीन कुठून घेतलं, कोणत्या अवस्थेत, चित्रणाच्या वेळी कोण हजर होतं. सुनावणी एकोणीसला.

मला सुटल्यासारखं वाटलं. आता मी नाही, मंडळच थांबवेल.

१३ मार्च

सुटका कसली!

साहेबांनी बिल मागितलं. मी म्हटलं शोधतो. त्यांनीच हिशेबवाल्याकडून प्रत काढली होती. दुकानाचं नाव वाचलं, आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. "गुरुजी! हे तर सोनं आहे! त्यांच्याच अधिकृत विक्रेत्याने त्यांचंच मशीन बिघडवून विकलं. आपला काय दोष? विक्रेत्याला उभं करा मंडळासमोर. म्हणू दे त्याला, मी असंच विकतो."

"त्याचं दुकान जाईल, साहेब."

"तसंही जातंयच ना?"

बाईंनाही फोन करून सांगितलं त्यांनी. बाई म्हणाल्या म्हणे, तो दुकानदारच खरा सुस्तराम निघाला. हे साहेबांनी मला हसत सांगितलं. मी हसलो नाही. त्यांनी ते बघितलं.

१५ मार्च

किती फिरवून बघितलं, तरी तिथेच येतो. गप्प बसलो तर जाहिरात चालू राहते, दादा बुडतो. खरं सांगितलं तर जाहिरात थांबते, पण गावभर होतं की मशीन दादाच्या हातून बिघडायचं. कंपनी त्याला काढणार ते वेगळंच. आणि त्याला स्वतःला कळणार. ते सगळ्यात वाईट.

हिला विचारलं. म्हणाली, "खरं बोलावं असंच सांगते मी नेहमी." मग ताटं उचलताना थांबली. "पण कुणाचं खरं हो?"

१६ मार्च

नंबर तीन दिला. बोचरा आहे. चांगला जमलाय, हीच पंचाईत.

१७ मार्च

सुस्तरामचं काम करणारा नट लिफ्टमध्ये भेटला. बारीक झालाय. मी विचारलं तर म्हणाला, "मुलीच्या शाळेत तिला सुस्तरामची पोरगी म्हणतात. ती म्हणाली, बाबा तुम्ही पळत जा रोज. म्हणून पळतो." हसत होता. मला म्हणाला, "तुमचं बरं आहे. तुमचा चेहरा दिसत नाही."

१८ मार्च

दादाला मंडळाचं पत्र गेलं नाहीये अजून. साहेब उद्या तिथेच त्याचं नाव घेणार, मग ते त्याला बोलावतील. मशीन घेऊन जायचं काम माझ्याकडे. मीच आणलं होतं, मीच चालू केलं होतं, चित्रणाच्या वेळी बटणाजवळ मीच होतो. तसं कागदावर आहे.

संध्याकाळी दुकानावरून चालत गेलो, आत गेलो नाही. काचेतून दिसलं. दादा कुठल्याशा म्हातारबुवांना माउस कसा धरायचा ते शिकवत होता. त्यांच्या हातावर हात ठेवून, हळूहळू. त्यांनी काही विकत घेतलं नसावं.

१९ मार्च

मंडळासमोर साहेबांच्या आधी मीच उठलो. म्हटलं, दुकानातून मशीन चांगलंच आलं होतं. चित्रणाआधी त्यात नको ते सगळं मी भरलं. मुद्दाम, हसू यावं म्हणून.

जाहिरात बंद. जाहीर माफी छापायची, माझ्या नावासकट. साहेबांनी जिन्यातच ओळखपत्र काढून घेतलं.

२४ मार्च

वहिनींचा फोन. माफी छापून आल्यापासून दुकानात गर्दी आहे, उभं राहायला जागा नाही म्हणाल्या. दादाला द्या म्हटलं. त्यांनी फोन बाजूला धरला, मागे लोकांचा गलका ऐकू येत होता. मग परत त्याच बोलल्या, अगदी हलक्या आवाजात.

"भाऊजी, तुमचं नाव सांगितलं. ते विचारतायत — कोण?"