बॅगेत टिफिन निघाला

प्रिय जागृती,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आष्टीचा पोस्टमन दार तरी वाजवेल. तुझ्या बाबांना म्हटलं, पोरीले काही विचारू नको दादा. तर म्हणतो, मी काऊन विचारू, तुमच्या कॉलेजनं विचारलं तेवढं पुरे झालं.

तुला निलंबित केल्यापासून आमचं कॉलेज अगदी सुरक्षित आहे. सभागृहाबाहेर आपत्ती व्यवस्थापन समितीचा फलक लागलाय. त्यावर आम्हा सगळ्यांचे फोटो आहेत. बाहेर पडायचा रस्ता कुठं, ते नाही. त्या दिवशी बॉम्बच्या धमकीचा मेल आला तेव्हा पाहुण्यांचा सत्कार चालू होता. प्राचार्य बबनराव माझ्या कानात म्हणाले, शाल झाली, नारळ राह्यला, तेवढं होऊन जाऊ द्या. मग खिडकीखाली बेवारस बॅग दिसली, तर माइकवरून घोषणा, की ज्याची असेल त्याने घेऊन जावी. आमचे एक विद्वान ती उचलून कानाशी लावून पाहत होते. तू एकटी उठलीस. बॅगेला हात लावू नका म्हणालीस, पोरं ओळीनं मागच्या दारातून काढलीस, पार कपाशीच्या वावरापलीकडं नेलीस आणि तिथून पोलिसांना फोन केलास. इकडं पाहुण्यांसमोर रिकाम्या खुर्च्या. पोलिसांनी बॅग उघडली, तर टिफिन. वांग्याची भाजी. बॉम्ब नव्हता, म्हणजे आम्ही शहाणे आणि तू बेशिस्त. फुटला असता तर हीच चौकशी समिती तुझ्या बाजूनं उभी राहिली असती. अर्थात जेवढी उरली असती तेवढी.

त्या समितीत मीही आहे. माझं विरोधी मत त्यांनी आदरानं ऐकलं आणि चहा पाजला. ठरलं ते असं, की तू माफीनामा दिलास तर परीक्षेचा अर्ज पुढं जाईल, नाहीतर वर्ष गेलं.

तो माफीनामा तुझ्याकडून आणायचं काम सख्ख्या काकाचं, असं बबनरावांनी ठरवलं. त्यासाठीच परवा तुला लिहायला हा कागद घेतला होता. काल पुन्हा तसाच मेल आला. माझा तास चालू होता. पोरांना म्हटलं, चला, बाहेर. एक बाक हलला नाही. शेवटी तुझी मैत्रीण मयुरी हळूच म्हणाली, सर, आधी प्राचार्यांले विचारून या, आमाले परीक्षा द्यायची आहे. मी विचारायला गेलो नाही. त्यांच्यातच बसून राहिलो. काही झालं नाही, याही वेळी. माफी माग, हे आता माझ्यानं लिहवत नाही. मागू नकोस म्हणावं, तर तुला परत द्यायला माझ्याकडं एक वर्ष नाही.

तुझाच,
धम्मदीपकाका